उकिरडा पसंत आहे

नांदेड,
१२ बहमन १३४६ फसली

ती. अक्कास रेणुकादासाचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. "तुझी नोकरी नक्की कसली ते नीट कळव, इथे कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही," असं लिहिलंस. तर सांग की धाकटा भाऊ नांदेड शहराचा सफाई दारोगा झाला. अजून तात्पुरता आहे. उन्हाळ्यात तालुकदार साहेब शहर तपासायला, मुआयन्याला यायचे आहेत, तेव्हा शहर स्वच्छ दिसलं तर कायम होईन.

आता या शहराचं काय सांगावं. कचरा टाकायला मी गल्लोगल्ली मिळून वीस पत्र्याची पिंपं ठेवली. त्यातली आज आठ जागेवर आहेत. गेलेल्यांपैकी एकात एका वकिलाच्या घरी आंघोळीचं पाणी तापतं. मी डोळ्यांनी पाहून विचारलं तर म्हणतात, "दारोगासाहेब, इतकं चांगलं पिंप कचऱ्यात घालवायचं का?" उरलेली आठ आतून कोरडी आहेत आणि त्यांच्याभोवती कमरेइतका कचरा साचला आहे. हेच लोक दर आठवड्याला शेजाऱ्याच्या घाणीबद्दल सुंदर उर्दूत अर्ज लिहून आणतात. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, याला नांदेडात नागरिक म्हणतात.

उचललेला कचरा टाकायचा कुठे, ही खरी पंचाईत. हुकूम आहे की गावाबाहेर खड्डे खणून पुरावा. खड्ड्यांची जागा कागदावर नेमली ती झाडूवाल्यांच्या वस्तीला लागून. त्यांची मुकादमीण गुणाबाई फावडं आडवं धरून उभी राहिली. म्हणाली, "सायेब, दिसभर गावाचंच उचलून राहिलो आमी. आन राती तेच उशाला घिऊन निजावं व्हय?" मी घरी आलो.

पण नशीब बघ. आमचा गाडीवान मन्मथ निरोप घेऊन आला की अर्धापूरच्या वाटेवरचे एक वतनदार सगळा कचरा घ्यायला तयार आहेत, खताला हवा म्हणे. सहा महिने आमच्या गाड्या तिकडेच जातात. गंमत अशी की शेतात टाकू देत नाहीत. घरासमोर, रस्त्यावरून दिसेल असा टाका म्हणतात. जगात एकेक शहाणे असतात. कागदावर मात्र मी "खड्ड्यात पुरला" असंच लिहून सही करतो, तेवढं तुझ्यापाशी ठेव.

भाऊजींना नमस्कार, विमलला आशीर्वाद.

रेणुकादास

•

लातूर,
मार्गशीर्ष वद्य तृतीया, शके १८५८

चि. रेणुकादासास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग कपाळाला हात लावला. वडिलांनी तुला हैदराबादेला ठेवून उर्दू शिकवलं ते मुन्सफ होशील म्हणून. तू पिंपं मोजत बसलास. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात, तुझा कधी फिटायचा ते देव जाणे. इथे मी "भाऊ सरकारात आहे" एवढंच सांगते. तूही तेवढंच सांग, बाकीचं पोटात ठेव.

आता महत्त्वाचं. विमलला सतरावं सरत आलं. दोन ठिकाणांहून "मुलगी फार बोलते" म्हणून नकार आला, हे तुला ठाऊक आहे. आता तिसरं स्थळ आलं आहे. आमच्या शेजारचे गुरुपादप्पा अडते करडई बघायला तुमच्याकडे गेले होते. तिथे अर्धापूरच्या वाटेवर, नांदेडपासून दोन कोसांवर आप्पासाहेब म्हणून वतनदार आहेत. त्यांचा मुलगा वसंतराव. पत्रिका जुळते. गुरुपादप्पा म्हणाले, "बाई, घर नका विचारू, त्यांच्या दारातला उकिरडा बघा. दोन पुरुष उंच हाय."

तुला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे मुलगी द्यायची तर माडी नंतर बघतात, उकिरडा आधी. उकिरडा मोठा म्हणजे गोठा मोठा, आणि गोठा मोठा म्हणजे पोरीला ताकातुपाची ददात नाही. माझ्या वेळी वडील इथे आले तेव्हा गूळपाणी घ्यायच्या आधी मागच्या अंगणात गेले आणि उकिरड्यात काठी खुपसली. कोपरापर्यंत गेली तेव्हा हो म्हणाले. माझं वाईट झालं नाही.

तू एकदा जाऊन तेवढं बघून ये. तुला उकिरड्यातलं कळतं, घरच्यांना त्याचा काही उपयोग होऊ दे. तिथे हुद्दा सांगू नकोस.

तुझी,
सौदामिनी

•

नांदेड,
९ इस्फंदार १३४६ फ.

ती. अक्कास सा. नमस्कार.

पत्र मिळालं. आप्पासाहेबांचं नाव मी ऐकून आहे. सध्या मुआयन्याच्या तयारीमुळे हलता येत नाही. माझ्या मते घाई नको. उंच ढिगाला भुलून काही ठरवू नये. लातूर एवढी मोठी पेठ, तिथे एखादा शिकलेला मुलगा मिळणार नाही असं थोडंच आहे? विमल शिकलेली आहे, तिचं खेड्यात जमेल का, याचाही विचार व्हावा.

इकडे थंडी फार आहे. बाकी सर्व कुशल.

रेणुकादास

•

लातूर,
पौष शुद्ध नवमी, शके १८५८

चि. रेणुकादासास आशीर्वाद.

मी विचारलं काय आणि तू लिहिलंस काय. थंडीची खबर मी मागितली नव्हती. दोन कोसांवर जायला तुला सवड नाही आणि वकिलाच्या मोरीत डोकावून आपलं पिंप ओळखायला आहे.

लातूरची मुलं मला सांगू नकोस. या पेठेत मुलाचा बाप मुलीला डाळीसारखी पाखडून बघतो आणि खडा निघाला नाही तरी निघाला म्हणतो. आप्पासाहेबांकडून निरोप आला की मुलगी बोलली तरी चालेल. हे म्हणणारं पहिलं घर आहे. ते ऐकल्यापासून विमल पुन्हा दोन घास नीट जेवते. मला आणखी काय हवं?

पौषात बोलणी करत नाहीत म्हणून गप्प आहे. माघात सुपारी फोडायची. त्याआधी जा, उकिरडा बघ आणि दोन ओळी लिही.

सौदामिनी

•

नांदेड,
२९ इस्फंदार १३४६ फ.

ती. अक्कास सा. नमस्कार.

गेलो. पाहिला. उंच आहे.

विमलला तिथे देऊ नकोस. कारण विचारू नकोस, माझ्यावर विश्वास ठेव.

रेणुकादास

•

लातूर,
माघ शुद्ध द्वितीया, शके १८५८

रेणुकादासास,

कारण विचारत नाही. मला कळलं आहे. तुझ्या बायकोचा भाऊ देगलूरच्या शाळेत मास्तर आहे आणि अजून बिनलग्नाचा आहे. गेल्या दिवाळीत तुझी बायको विमलकडे ज्या नजरेने बघत होती ती मी विसरले नाही. सरळ मागणी घालायची छाती नाही म्हणून चांगल्या स्थळात बिब्बा घालतोस. दुसऱ्यांची घाण उचलता उचलता तुझ्या मनातही तीच साचली.

माघ वद्य दशमीला आम्ही सुपारीसाठी आप्पासाहेबांकडे जात आहोत. तू येऊ नयेस हे बरं. मामा कुठे विचारलं तर मुआयन्यात आहे म्हणेन.

सौदामिनी

•

नांदेड,
१८ फरवर्दी १३४६ फ.

ती. अक्कास सा. नमस्कार.

तू मला घाणेरडा म्हणालीस. चार दिवस रागाने उत्तर लिहिलं नाही. मग वाटलं, तू म्हणालीस ते अर्धं खरं आहे, फक्त घाण दुसरी आहे.

पहिल्या पत्रात ज्या वतनदाराची मी टिंगल केली तेच तुझे आप्पासाहेब. तो दोन पुरुष उंच उकिरडा म्हणजे नांदेड शहराचा कचरा आहे. माझ्या गाड्यांनी नेऊन टाकलेला. त्यांचं नाव तुझ्या पत्रात वाचलं त्याच क्षणी मला कळलं होतं. तरी मी तुला थंडीची खबर लिहिली.

मग तुझ्या धाकाने गेलो. कोणी न सांगताही मी तो ढीग ओळखला असता. खऱ्या उकिरड्यावर थंडीच्या सकाळी वाफ दिसते, शेण आतून तापलेलं असतं. इथे वाफ नव्हती, कुत्री होती. शेणाच्या ढिगाला कुत्रं हुंगत नाही, त्याला खरकटं लागतं. वर हातभर शेणाचा लेप आहे, तोही आजूबाजूच्या गोठ्यांतून मागून आणलेला. मागच्या बाजूने गेलो. गोठ्यात पंधरा दावी आहेत आणि एका म्हाताऱ्या म्हशीशिवाय जनावर नाही. दावणीत चिमण्यांनी घरटी केली आहेत. शेतं पडीक आहेत. मन्मथ म्हणतो, दोन वर्षांपूर्वी बुळकांडीनं सगळी जनावरं नेली. आमचा कचरा घ्यायला लागले ते मुलाचं लग्न काढलं तेव्हापासून. म्हणून शेतात नको होता, रस्त्यावरून दिसेल असा हवा होता. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

हे मी तुला तेव्हाच का लिहिलं नाही? कारण कागदावर तो कचरा खड्ड्यात पुरलेला आहे आणि त्याखाली माझी सही आहे. तू स्थळ मोडलंस तर ते विचारणार, कुणी सांगितलं. माझं नाव निघालं तर ते गप्प बसणार नाहीत. मी एका पारड्यात भाचीचा जन्म ठेवला आणि दुसऱ्यात आपली नोकरी, आणि महिनाभर नोकरीचं पारडं जड राहिलं. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिलं नाही तर जास्त वाटेल.

देगलूरच्या मेहुण्याचं लग्न मार्गशीर्षातच ठरलं. आता तुला हवं ते कर. माझं नाव घ्यावं लागलं तर घे.

रेणुकादास

•

लातूर,
फाल्गुन शुद्ध तृतीया, शके १८५८

चि. रेणुकादासास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा सुपारीला जाण्याची बांधाबांध झाली होती. मी यांना काही सांगितलं नाही. यांना सांगितलं असतं तर यांनी शुद्ध भाषेत एक पत्र लिहून स्थळ मोडलं असतं, आणि लोक म्हणाले असते की तिसऱ्यांदा विमललाच नकार आला. ते मला नको होतं. आम्ही ठरल्याप्रमाणे निघालो.

मोटारीने नांदेड, तिथून टांगा. टांगा तुझ्या गल्लीच्या तोंडावरून गेला. मी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. कुणी पाहिलं तर तुझं नाव यात येईल, म्हणून. पाहिलं नाही ते मला घरी येईपर्यंत सलत होतं.

त्यांच्याकडे बैठक घातलेली होती. पाचपन्नास माणसं असतील. आप्पासाहेब पुढे आले. मी म्हटलं, "आमच्या घरची रीत आहे, आधी उकिरडा बघायचा." ते खूश झाले. "बघा की, त्यात काय, दुरून दिसतोच," म्हणाले. मी यांच्या हातातली काठी घेतली आणि खुपसली. वीतभर गेली आणि खापरीवर अडली. चार जणांनी तो आवाज ऐकला.

मग मी भिंतीशी टेकवलेलं फावडं घेतलं. नऊवारीचा काष्टा, अंगावर शालू, नाकात नथ, आणि उकिरड्यात उभी. त्यांची बायको लक्ष्मीबाई धावत आली. "विहीणबाई, हे काय करून राहिल्या? लई घाण हाय तिथं." मी म्हटलं, "घाणच बघायला आले." वरचं शेण सरलं आणि चिंध्या निघाल्या. मग बांगड्यांच्या काचा, कंदिलाची फुटकी चिमणी, खरकट्या पत्रावळी, उर्दू शाळेतल्या वहीची पानं. कुठल्या वतनदाराची जनावरं उर्दूत लिहितात, असं मी विचारलं. मंडळी खाली बघायला लागली. तुझे भाऊजी नाकाला रुमाल लावून उभे होते, त्या दिवशी ते तेवढंच करू शकले.

आप्पासाहेब मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, जनावरं गेली हे सांगितलं असतं तर पोरगी कुणी दिली असती?"

खरं सांगते, त्या क्षणी माझा हात थांबला. त्यांचा वसंतराव खांबाला टेकून उभा होता आणि त्याचे कान लाल झाले होते. मी म्हटलं, "सांगितलं असतं तर मी विचार केला असता. जनावरं मरतात, त्यात लाज कसली? पण माझ्या मुलीला आणण्यासाठी तुम्ही अख्ख्या गावाची घाण दारात रचलीत. ती घाण रोज तिलाच ओलांडावी लागली असती." मग हात धुतले आणि आम्ही निघालो. "तुम्हाला हे कुणी सांगितलं," असं त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, काठीने सांगितलं.

विमलला सगळं सांगितलं. ती हसायला लागली. म्हणाली, "बोलणारी मुलगी चालेल म्हणाले होते ना, मग बोलणारी आई का नाही चालली?" रात्री मात्र ती जेवली नाही. कोळसा उगाळावा तितका काळाच, म्हणून मी तो विषय पुन्हा काढला नाही.

तुला मी जे लिहिलं ते चुकीचं होतं. आणि तू महिनाभर गप्प राहिलास तेही चुकीचं होतं. दोन्ही लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी एकच लक्षात ठेवायचं नाही.

सौदामिनी

•

नांदेड,
११ खुर्दाद १३४६ फ.

ती. अक्कास सा. नमस्कार.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. उत्तराला उशीर झाला, कारण मधल्या काळात मी बरतरफ झालो, नोकरी गेली. पत्र टाकायला हिंमत होत नव्हती.

तू माझं नाव घेतलं नाहीस, पण सफाई दारोगाची बहीण लातुरात दिली आहे हे त्यांनी शोधून काढलं. आप्पासाहेबांनी दरख्वास्त दिली. तिचा मजकूर ऐक: "सफाई दारोगाने वर्षभर जबरीने शहराचा कचरा माझ्या दारात टाकला, त्यामुळे माझी अब्रू गेली." त्यांनीच मागितला, याचा कागद माझ्यापाशी नाही. माझ्याकडे फक्त खड्ड्यांच्या कागदावरच्या सह्या आहेत. साहेबांनी त्या एकेक उलटून पाहिल्या आणि मला काही विचारलं नाही. चूक माझी होती, मी वाद घातला नाही.

आता मी कचेरीबाहेर सतरंजी टाकून लोकांचे अर्ज लिहितो. बहुतेक अर्ज शेजाऱ्याच्या कचऱ्याबद्दल असतात. ते पिंपवाले वकीलही एकदा येऊन गेले. माझी उर्दू त्यांना आवडते.

नवा दारोगा आला. हुशार आहे. पहिल्याच दिवशी म्हणाला, खड्डे म्हणजे खड्डे. गुणाबाई पुन्हा फावडं घेऊन उभी राहिली. आठ दिवस कचरा जागचा हलला नाही. वकिलांच्या गल्लीत गाई-म्हशींना वाट उरली नाही. नवव्या दिवशी सकाळी बघतो तर मन्मथच्या गाड्या ओळीने अर्धापूरच्या वाटेला लागलेल्या. मी त्याला थांबवून विचारलं. म्हणाला, "मालक, कचऱ्याला बी कुटं तरी जावंच लागतंय की. त्यांलाबी पायजेच हाय." कागदावर काय लिहितात ते मी विचारलं नाही.

तू उकरलेला खड्डा बुजला. आता ढीग पूर्वीपेक्षा उंच आहे आणि लेपही जाड आहे, म्हणजे काठी अडणार नाही. गेल्या गुरुवारी मन्मथ तिथे गाडी रिकामी करत होता तेव्हा उदगीरकडची मंडळी मुलगा बघायला आली होती. मुलीच्या बापाने ढिगाला एक फेरी मारली आणि मान डोलावली. "पसंत हाय म्हनले," मन्मथ सांगत होता.

मी हसलो. दुसरं काय करणार? आपली विमल सुटली, आता जगाचं जग बघेल.

रेणुकादास

•

लातूर,
चैत्र वद्य सप्तमी, शके १८५९

चि. रेणुकादासास अनेक आशीर्वाद.

नोकरी गेली त्याचं दुःख मला आहे, ते भेटीत बोलू. तू हसलास ते मात्र मला आवडलं नाही.

उदगीरच्या त्या मंडळींचं नाव, गाव आणि कुणाच्या घरचे, हे मन्मथला विचार. त्याला ठाऊक नसेल तर टांगेवाल्याला विचार, त्यांना कुणीतरी आणलंच असेल. उलट टपाली कळव. मी मुलीच्या आईला पत्र लिहिणार आहे. बापाला लिहून उपयोग नाही, त्याने मान डोलावली आहे.

तुम्ही कोण आणि तुम्हाला कसं ठाऊक, असं ती विचारेल. मी लिहिणार आहे की तो कचरा नांदेडचा आहे, माझा भाऊ तिथला सफाई दारोगा होता, तो त्यानेच नेऊन टाकला आणि त्यानेच मला सांगितलं. हे सगळं खरं आहे, म्हणून मी एक शब्दही गाळणार नाही. तुला चालत नसेल तरी लिहिणार आहे.

उशीर करू नकोस. वैशाखात मुहूर्त दाट आहेत.

सौदामिनी